पीट पॉसलथ्वेट : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चेहरा ओळखीचा वाटतो, पण नाव सांगता येत नाही. हा नट नेमका कोण?

‘इन्सेप्शन’मधला मरणपंथाला लागलेला उद्योगपती बाप, ‘द युज्वल सस्पेक्ट्स’मधला वकील कोबायाशी, ‘द लॉस्ट वर्ल्ड’मधला डायनोसॉरच्या मागे लागलेला शिकारी आणि लिओनार्डो डिकॅप्रिओच्या ‘रोमिओ + ज्युलिएट’मधला पाद्री. या चारही भूमिका पीट पॉसलथ्वेट यांच्या. जन्म ७ फेब्रुवारी १९४६, इंग्लंडच्या वायव्येकडच्या वॉरिंग्टन गावी, कष्टकरी कॅथलिक घरात. मृत्यू २ जानेवारी २०११. गालाची हाडं वर आलेली, नाक मोठं, डोळे खोल. हा चेहरा एकदा पाहिला की विसरत नाही आणि कुठल्याही मेकअपखाली लपतही नाही. त्यांच्या कारकिर्दीचं खरं कोडं इथेच आहे. चेहरा प्रत्येक भूमिकेत तोच दिसतो, तरी माणूस दरवेळी वेगळा वाटतो. खालच्या बऱ्याच उत्तरांमध्ये हे कसं घडतं तेच दाखवलं आहे.

आडनावाचा उच्चार काय?

पॉसलथ्वेट. स्पेलिंगमधला पहिला ‘टी’ उच्चारात येत नाही. सुरुवातीच्या काळात हे नाव बदलण्याचा सल्ला त्यांना मिळाला होता. एवढं लांब नाव नाट्यगृहाबाहेर दिव्यांनी झळकवायचं तर विजेचं बिल परवडणार नाही, असं त्यामागचं कारण सांगितलं गेलं. त्यांनी ते बदललं नाही.

‘चरित्र अभिनेता’ म्हणजे दुय्यम भूमिका करणारा नट का?

तसा समज आहे, पण इंग्लंडमधली व्यवस्था समजून घेतली तर तो टिकत नाही. तिथे नाटकमंडळीत एकच नट या महिन्यात म्हातारा नोकर असतो आणि पुढच्या महिन्यात सेनापती. वय, वर्ग, बोली, चाल हे सगळं बदलता येणं हेच त्याचं काम. कॅमेऱ्यासमोर आल्यावर अशा नटाला नायकाची भूमिका क्वचित मिळते, कारण पैसा लावणाऱ्यांना ठरावीक चेहरा हवा असतो. पण कथेचं वजन बरेचदा त्याच्याच खांद्यावर येतं. नायक कशाला भितो, कशाची लाज बाळगतो, कोणासाठी बदलतो हे समोरच्या माणसात दिसावं लागतं. तो समोरचा माणूस कच्चा निघाला तर नायकही पोकळ वाटतो.

पॉसलथ्वेट यांनी नायकाच्याही भूमिका केल्या, विशेषतः रंगमंचावर आणि ब्रिटिश टीव्हीवर.

ते अभिनयाकडे कसे आले?

आडवाटेने. आधी पाद्री होण्याचा विचार होता, मग शिक्षक झाले. मँचेस्टरच्या लोरेटो कॉलेजात ते नाटक हा विषय शिकवत. त्यानंतर ब्रिस्टल ओल्ड व्हिक थिएटर स्कूलमध्ये रीतसर प्रशिक्षण घेतलं. म्हणजे व्यावसायिक नट म्हणून सुरुवात करताना ते पंचविशीच्या आसपास होते आणि पोटापाण्याचं दुसरं काम करून आलेले होते. शिक्षकी पेशाचा एक फायदा उघड आहे : लक्ष नसलेल्या खोलीचं लक्ष आवाज न चढवता कसं ओढायचं, हे तिथे रोज शिकावं लागतं.

लिव्हरपूलच्या एव्हरीमन थिएटरचा उल्लेख सगळीकडे का येतो?

कारण त्यांची घडण तिथली आहे. होप स्ट्रीटवरचं हे नाट्यगृह १९६४मध्ये सुरू झालं. १९७०च्या दशकात, ॲलन डॉसर नाट्यगृहाचे कलात्मक संचालक असतानाच्या आणि लगोलगच्या काळात, तिथे जी माणसं एकत्र काम करत होती ती पाहा : जुली वॉल्टर्स, बिल नाय, जोनाथन प्राइस, अँटनी शेर, ॲलिसन स्टेडमन. लेखकांमध्ये विली रसेल आणि ॲलन ब्लीस्डेल. पुढे ही सगळी नावं ब्रिटिश रंगभूमीवर आणि पडद्यावर मोठी झाली, पण तेव्हा सगळे विशी-तिशीतले होते आणि तुटपुंज्या पगारावर राबत होते.

तिथल्या कामाची पद्धत महत्त्वाची. नाटकं शहराच्या स्वतःच्या प्रश्नांवरची असत : गोदी, बेकारी, घरं, संप. प्रेक्षकही त्याच वस्तीतले. एव्हरीमनचा ‘व्हॅनलोड’ नावाचा एक फिरता गट होता. नट आणि सामान एका व्हॅनमध्ये भरायचं आणि पबमध्ये, वस्तीच्या सभागृहांत जाऊन प्रयोग करायचा. पॉसलथ्वेट त्यातही होते.

पबमधल्या प्रयोगात काय काय बिघडतं ते नाटकवाल्याला सांगायला नको. रंगमंच नाही, त्यामुळे प्रवेशाला आणि निर्गमनाला विंग नाही. प्रकाशयोजना नाही, त्यामुळे कुठे पाहायचं हे प्रेक्षकाला दिव्याने सांगता येत नाही. समोरचा माणूस नाटकाला आलेला नसतो, प्यायला आलेला असतो. नवा नट घाबरून ओरडायला लागतो. मग गिऱ्हाईकंही आवाज वाढवतात आणि प्रयोग हातचा जातो. टिकतो तो नट जो वाक्य एका माणसाच्या डोळ्यांत बघून, नेहमीच्या आवाजात टाकतो आणि पुढच्या वाक्याआधी थांबतो. पॉसलथ्वेट यांच्या चित्रपटांतल्या कामात ही थांबण्याची सवय अखेरपर्यंत दिसते. त्यांचा महत्त्वाचा शब्द नेहमी शांततेनंतर येतो.

त्या काळी इंग्लंडमध्ये नट म्हणून उभं राहायचं तर काय काय लागायचं?

पहिली अडचण ‘इक्विटी’ या नटांच्या संघटनेच्या कार्डाची. तेव्हा कार्डाशिवाय काम नाही आणि कामाशिवाय कार्ड नाही, असा पेच होता. प्रादेशिक नाट्यगृहांना वर्षाला ठरावीक संख्येनेच नव्या नटांना कार्ड देता येई, म्हणून नवखे नट लंडनऐवजी आधी लिव्हरपूल, मँचेस्टर, ब्रिस्टलकडे वळत. मिळालेलं कार्डही सुरुवातीला तात्पुरतं असे. काही आठवड्यांचं काम भरल्यावर ते पक्कं होई आणि मगच लंडनच्या वेस्ट एंड या मुख्य व्यावसायिक रंगभूमीची दारं उघडत. पुढे मार्गारेट थॅचर सरकारच्या कामगार कायद्यांनी ही सक्ती संपवली.

दुसरी गोष्ट ‘स्पॉटलाइट’ ही १९२७पासून निघणारी नटांची सूची. त्यात फोटो आणि संपर्क असल्याशिवाय कास्टिंग करणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे नाव येत नसे. तिसरी गोष्ट एजंट.

चौथी गोष्ट कुठल्याही नियमात लिहिलेली नाही आणि तीच सर्वांत उपयोगी पडते : ज्यांच्याबरोबर सुरुवात केली ते लेखक. एव्हरीमनमधले ब्लीस्डेल पुढे बीबीसीसाठी लिहू लागले आणि त्यांच्या ‘द मसल मार्केट’ या १९८१च्या टीव्ही-नाटकात मुख्य भूमिका पॉसलथ्वेट यांनी केली. चित्रपटांनी त्यांना विचारण्याआधी कित्येक वर्षं टीव्हीने विचारलं, ते अशा ओळखींतून.

चित्रपटात यायला इतका उशीर का झाला?

पडद्यावर ते १९७७मध्येच आले होते. रिडली स्कॉट यांच्या ‘द ड्युएलिस्ट्स’मध्ये एका सेनाधिकाऱ्याची दाढी करणाऱ्या माणसाचं चिमुकलं काम त्यांनी केलं. १९८४च्या ‘अ प्रायव्हेट फंक्शन’मध्ये ते खाटीक होते. दरम्यान मुख्य काम रॉयल शेक्सपिअर कंपनीत चाललं होतं. तिथल्या ‘सिरानो द बर्जरॅक’मध्ये डेरेक जॅकोबी यांच्यासमोर त्यांनी कवी-हलवाई रागनोची भूमिका केली. त्या प्रयोगाचं १९८५चं टीव्ही-चित्रीकरण उपलब्ध आहे. रंगमंचावरचे पॉसलथ्वेट कसे होते हे बघायचं असेल तर सर्वांत आधी ते शोधावं.

उशीर झाला असं म्हणायचं ते फक्त प्रसिद्धीच्या हिशेबाने. हॉलिवूडने दखल घेतली तेव्हा त्यांचं वय सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीस होतं आणि पाठीशी वीस वर्षांची रंगभूमी होती.

‘डिस्टंट व्हॉइसेस, स्टिल लाइव्ह्ज’ एवढा का नावाजतात?

टेरेन्स डेव्हिस यांचा हा १९८८चा चित्रपट लिव्हरपूलमधल्या एका कॅथलिक कामगार कुटुंबाचा आहे. तो दिग्दर्शकाच्या स्वतःच्या घरावर बेतलेला आहे. त्यांचे मारकुटे वडील ते लहान असतानाच वारले. चित्रपटाचे दोन भाग सुमारे दोन वर्षांच्या अंतराने चित्रित झाले. बापाची भूमिका पॉसलथ्वेट यांची.

नाताळचा प्रसंग नीट पाहावा. आदल्या रात्री मुलं झोपलेली असताना बाप त्यांच्याकडे हळव्या नजरेने बघतो, त्यांच्यासाठी भेटवस्तू ठेवतो. त्या क्षणी हा माणूस प्रेमळ आहे याबद्दल शंका राहत नाही. मग नाताळचं जेवण. टेबल मांडलेलं, मुलं गप्प बसलेली, बाप टेबलाच्या टोकाशी. काहीही घडलेलं नसताना तो टेबलक्लॉथ ओढतो, सगळं जमिनीवर जातं आणि तो बायकोला ते साफ करायला ओरडून बोलावतो.

दुसऱ्या एखाद्या नटाने इथे दोन्ही प्रसंग जोडणारा पूल शोधला असता : चेहऱ्यावर हळूहळू चढत जाणारा राग, किंवा नंतरचा पश्चात्ताप. पॉसलथ्वेट तसं काहीच करत नाहीत. दोन्ही क्षण पूर्ण आहेत आणि मध्ये खुलासा नाही. अशा घरात वाढलेल्या मुलाला बाप असाच दिसतो. कारण कळत नाही, म्हणून कुठलाच क्षण सुरक्षित नसतो. इतका थोडा वेळ पडद्यावर असूनही हा बाप उरलेल्या सगळ्या चित्रपटावर सावट धरून राहतो. आमच्या मते हे त्यांचं पडद्यावरचं सर्वश्रेष्ठ काम आहे. ‘इन द नेम ऑफ द फादर’ त्याच्या खालोखाल.

‘इन द नेम ऑफ द फादर’मध्ये ते डॅनियल डे-लुइसचे वडील शोभतात कसे? वयात तेवढं अंतर होतं का?

नव्हतं. डे-लुइस यांचा जन्म १९५७चा, पॉसलथ्वेट यांचा १९४६चा. म्हणजे अवघी अकरा वर्षं. तरी प्रेक्षकाला एकदाही शंका येत नाही. पांढरे केस आणि चष्मा यांनी काम थोडंच होतं. बाकीचं श्वासातून येतं. त्यांची भूमिका जुझेप्पे कॉन्लनची, मुलाबरोबर एकाच कोठडीत असलेल्या बापाची, आणि हा बाप फुप्फुसाचा रुग्ण आहे. पॉसलथ्वेट वाक्यं लहान तुकड्यांत बोलतात, जणू प्रत्येक तुकड्याला श्वास मोजून द्यावा लागतोय. खांदे आत वळलेले, कोपर शरीराजवळ. मुलगा कोठडीभर येरझाऱ्या घालतो, आदळआपट करतो आणि बाप जागा न सोडता बोलतो. दोघांच्या गतीत एवढा फरक ठेवला की वयाचं अंतर आपोआप तयार होतं. म्हातारा रंगवायचा म्हटलं की नवखे नट पाठीला बाक काढतात आणि आवाज थरथरवतात. त्यांनी हे काम मुद्दाम पाहावं.

त्या चित्रपटातलं खरं किती, काल्पनिक किती?

गिल्डफर्डच्या पबमधले बॉम्बस्फोट ५ ऑक्टोबर १९७४ला झाले. जुझेप्पेंचा मुलगा जेरी कॉन्लन (चित्रपटात डे-लुइस) याच्यासह चौघांना शिक्षा झाली आणि १९८९मध्ये ती रद्द होऊन ते सुटले. मुलाला मदत करायला बेलफास्टहून लंडनला आलेले जुझेप्पे स्वतःच ‘मॅग्वायर सेव्हन’ खटल्यात अडकले आणि १९८०मध्ये कैदेत असतानाच वारले. त्या खटल्याची शिक्षा १९९१मध्ये रद्द झाली. हे सगळं खरं.

बाप आणि मुलगा वर्षानुवर्षं एकाच कोठडीत राहतात, ही मात्र चित्रपटाची रचना आहे. प्रत्यक्षात तसं घडलं नव्हतं. दिग्दर्शक जिम शेरिडन यांच्यावर त्याबद्दल टीकाही झाली. पण या बदलाशिवाय जुझेप्पेची भूमिका चार-पाच भेटींपुरती उरली असती. या भूमिकेसाठी पॉसलथ्वेट यांना सर्वोत्कृष्ट सहायक अभिनेत्याचं ऑस्कर नामांकन मिळालं. त्या वर्षीचा पुरस्कार ‘द फ्युजिटिव्ह’साठी टॉमी ली जोन्स यांना गेला.

कोबायाशी नेमका कुठल्या देशाचा आहे? नाव जपानी, उच्चार भारतीय वाटतात.

(‘द युज्वल सस्पेक्ट्स’ पाहिला नसेल तर हे उत्तर सोडून द्या.)

विसंगती मुद्दाम आहे. नाव जपानी, चेहरा इंग्रजाचा, बोलण्याला आपल्या उपखंडाकडची झाक. चित्रपटाच्या शेवटी कळतं की पोलिसाला सांगितली गेलेली कथा त्या खोलीत समोर दिसलेल्या वस्तूंवरून रचलेली होती आणि ‘कोबायाशी’ हे नाव कपाच्या तळावरचं होतं. ज्या माणसाचे तुकडेच इकडून तिकडून गोळा केलेत, त्याला एक गाव, एक बोली कशी असेल? पॉसलथ्वेट यांनी हे तुकडे जुळवण्याचा प्रयत्न केला नाही. त्यांनी फक्त एक गोष्ट पक्की ठेवली : अतिशय सभ्य, वकिली शांतपणा. धमकी देतानाही तो बँकेचं पत्रक वाचून दाखवल्यासारखा बोलतो.

‘ब्रास्ड ऑफ’ पाहण्याआधी काय माहीत असावं?

बरंच काही, आणि माहीत असेल तर चित्रपट दुप्पट भिडतो.

पार्श्वभूमी अशी. १९८४-८५चा खाणकामगारांचा संप मोडला गेला. ऑक्टोबर १९९२मध्ये सरकारने आणखी खाणी मोठ्या प्रमाणावर बंद करण्याची घोषणा केली. यॉर्कशरमधल्या ग्राइमथॉर्प खाणीचा स्वतःचा बँड होता, १९१७पासूनचा. खाण बंदीच्या यादीत आली आणि त्याच महिन्यात त्या बँडने लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये राष्ट्रीय स्पर्धा जिंकली. १९९६चा हा चित्रपट यावरच बेतलेला आहे. गावाचं नाव तेवढं ‘ग्रिमली’ केलंय. चित्रपटातलं वादन खुद्द ग्राइमथॉर्प बँडचं आहे.

ब्रिटिश ब्रास बँड आपल्याकडच्या लग्नाच्या बँडहून वेगळा असतो. त्यात पितळी वाद्यं वाजवणारे पंचवीस जण असतात : दहा कॉर्नेट, एक फ्लुगलहॉर्न, तीन टेनर हॉर्न, दोन बॅरिटोन, तीन ट्रॉम्बोन, दोन युफोनियम, चार बास. शिवाय तालवाद्यं. क्लॅरिनेट नाही, सॅक्सोफोन नाही, ट्रंपेटसुद्धा नाही. वादक हौशी, म्हणजे दिवसा खाणीत आणि संध्याकाळी तालमीत. बँडमध्ये नव्याने आलेली ग्लोरिया पहिल्यांदा तालमीत येऊन जे वाजवते ते फ्लुगलहॉर्न आणि ती रचना रोद्रिगोची ‘आरान्हुएथ’. डॅनी तिला सरळ ‘ऑरेंज जूस’ म्हणतो.

पॉसलथ्वेट यांनी हा डॅनी केलाय : निवृत्त खाणकामगार, बँडचा संचालक, छातीत कोळशाची धूळ भरलेली. संचालकाच्या भूमिकेत नट कुठे फसतात? हात सुरांच्या मागून फिरतात. खऱ्या संचालकाची खूण सुरांच्या किंचित आधी येते, कारण वादकांना श्वास घ्यायला वेळ द्यावा लागतो. पितळी वाद्यात तर ते फारच महत्त्वाचं. चार मात्रांच्या तालात हात खाली, आत, बाहेर, वर असा फिरतो आणि पहिली मात्रा नेहमी खाली येते. डॅनीचे हात बघा. आणि त्याहून डोळे बघा, कारण पुढे ज्याची पाळी येणार त्या वादकाकडे नजर आधी जाते.

शेवटी अल्बर्ट हॉलमधलं भाषण. आयुष्यभर संगीत हेच सर्वस्व मानणारा हा माणूस तिथे उभा राहून सांगतो की संगीत महत्त्वाचं वाटायचं, पण माणसांपुढे त्याचं काय मोल? आणि करंडक नाकारतो. नटाला इथे रडारड करण्याची मोकळीक होती. पॉसलथ्वेट ते भाषण कामगार सभेत ठराव मांडावा तसं, शब्द चाचपत करतात. मोठं बोलायची सवय नसलेला माणूस मोठं बोलतोय, हे त्या चाचपण्यातून कळतं. याच भाषणाचा तुकडा ‘चुंबावांबा’ या गटाच्या ‘टबथंपिंग’ या १९९७च्या गाण्याच्या सुरुवातीला ऐकू येतो.

ओबडाया हेक्सविलचा महाराष्ट्राशी संबंध आहे म्हणतात. खरं का?

भूमिकेचा आहे, नटाचा नाही. हेक्सविल हा बर्नार्ड कॉर्नवेल यांच्या ‘शार्प’ कादंबरीमालेतला खलनायक सार्जंट. लहानपणी फाशीतून वाचलेला, त्यामुळे मानेला आणि चेहऱ्याला झटके येणारा. पॉसलथ्वेट यांनी तो १९९४मध्ये आयटीव्ही या ब्रिटिश वाहिनीवरच्या मालिकेच्या दोन भागांत केला. कथा स्पेन-पोर्तुगालमधल्या नेपोलियनकाळच्या युद्धाची. टोपीच्या आत आईचं चित्र ठेवून तो तिच्याशी बोलतो. हे हास्यास्पद होऊ शकलं असतं. पण ते इतक्या मनापासून बोलतात की अंगावर काटा येतो. ब्रिटनमध्ये अनेकांना ते आधी हेक्सविल म्हणून आठवतात, मग बाकीचे.

त्यानंतर कॉर्नवेल यांनी याच पात्रांच्या आधीच्या काळातल्या कादंबऱ्या लिहिल्या. त्यांत १८०३च्या इंग्रज-मराठा युद्धातली आताच्या जालना जिल्ह्यातली असईची लढाई आणि चिखलदऱ्याजवळच्या गाविलगडाचा पाडाव येतो, आणि हेक्सविल तिथेही हजर आहे. त्या कादंबऱ्यांतलं हेक्सविलचं काम पॉसलथ्वेट यांनी पडद्यावर केलेलं नाही.

असाच आणखी एक बारीक धागा : बीबीसीच्या १९९४च्या ‘मार्टिन चझलविट’मध्ये ते टिग हा भामटा आहेत. फाटक्या कोटातला टिग पुढे नाव उलटंपालटं करून ‘अँग्लो-बेंगाली’ नावाची बोगस विमा कंपनी काढतो. विमा विकताना भारताचं नाव वापरलं की लंडनमध्ये पत वाढे, ही डिकन्स यांची टोचणी. या भूमिकेला बाफ्टा या ब्रिटिश चित्रपट-टीव्ही पुरस्काराचं नामांकन होतं.

स्पीलबर्ग त्यांना ‘जगातला सर्वोत्तम नट’ म्हणाले होते का?

हो. १९९७मध्ये ‘द लॉस्ट वर्ल्ड’ आणि ‘ॲमिस्टॅड’ असे दोन चित्रपट त्यांनी स्पीलबर्ग यांच्याबरोबर केले, त्या सुमाराची ही प्रशंसा. पॉसलथ्वेट यांनी ती हसण्यावारी नेली. ‘पीटला वाटतं की तो जगातला सर्वोत्तम नट आहे’ असं स्पीलबर्ग म्हणाले असणार, असं ते सांगत.

मोठे पुरस्कार मिळाले का?

ऑस्कर किंवा बाफ्टा मिळाला नाही, नामांकनं मिळाली. वर आलेल्यांशिवाय १९९९च्या ‘लॉस्ट फॉर वर्ड्स’ या टीव्हीपटासाठी एक. त्यात त्यांच्या आईची भूमिका करणाऱ्या थोरा हर्ड यांना पुरस्कार मिळाला. २०१०च्या ‘द टाउन’साठीचं बाफ्टा नामांकन त्यांच्या मृत्यूनंतर जाहीर झालं. २००४मध्ये ‘ओबीई’ हा किताब मिळाला.

हॉलिवूडनंतर रंगभूमी सुटली का?

सुटली नाही, आणि त्यांच्या कारकिर्दीत आम्हाला सर्वांत आदर वाटतो तो याचा. ‘स्कारामूश जोन्स’ हा जस्टिन बुचर यांचा एकपात्री प्रयोग घेऊन ते देशोदेशी फिरले. ३१ डिसेंबर १९९९च्या रात्री शंभर वर्षांचा विदूषक आपलं आयुष्य सांगतो : पन्नास वर्षं विदूषक घडण्यात गेली, पन्नास तो होण्यात. २००७मध्ये मँचेस्टरच्या रॉयल एक्स्चेंजमध्ये त्यांनी ‘द टेम्पेस्ट’मधला प्रॉस्परो केला.

२००८ हे लिव्हरपूलचं युरोपची सांस्कृतिक राजधानी म्हणून साजरं झालेलं वर्ष. त्या वर्षी ते एव्हरीमनला परतले, ‘किंग लियर’ करायला. दिग्दर्शक रूपर्ट गूल्ड. ज्या नाट्यगृहात तरुणपणी पोटापुरत्या पगारावर राबले तिथेच वयाच्या बासष्टाव्या वर्षी लियर. पुढच्या वर्षी तो प्रयोग लंडनच्या यंग व्हिकमध्ये गेला. सुरुवातीची परीक्षणं संमिश्र होती, मुख्यतः दिग्दर्शनाच्या कल्पनांमुळे. मराठी प्रेक्षकाला लियरची ओळख ‘नटसम्राट’मधून असते, पण तो धागा धरून शेक्सपिअरचं नाटक वाचलं तर गोंधळ होतो. बेलवलकर नट आहे, त्याच्याकडे गेलेली सत्ता घरापुरती. लियर राजा आहे, त्याच्या चुकीने देश फाटतो. लियर करणाऱ्याला हे दोन्ही पेलावं लागतं, शिवाय धाकटी मुलगी कॉर्डिलिया हिला उचलून आणण्याइतकी ताकद अंगात असावी लागते. म्हणून ही भूमिका फार उशिरा करता येत नाही.

किताब परत करण्याची भानगड काय होती?

फ्रॅनी आर्मस्ट्राँग यांच्या ‘द एज ऑफ स्टुपिड’ या २००९च्या हवामानबदलावरच्या चित्रपटात ते २०५५ सालातला एकटा उरलेला अभिलेखपाल आहेत. जुनी चित्रणं बघत तो विचारतो, वेळ असताना आपण काहीच का केलं नाही? त्या चित्रणांतली माणसं खरी आहेत. त्यातले एक मुंबईचे जेह वाडिया, ‘गोएअर’ ही स्वस्त विमानसेवा उभी करताना. चित्रपटाच्या प्रीमियरला पॉसलथ्वेट यांनी जाहीर केलं की केंटमधल्या किंग्जनॉर्थ इथल्या नव्या कोळसा वीजकेंद्राला सरकारने परवानगी दिली तर आपण ओबीई परत करू. त्याच वर्षी कंपनीने तो प्रकल्प पुढे ढकलला आणि नंतर गुंडाळला. किताब परत करायची वेळ आली नाही.

शेवटच्या काळातल्या छोट्या भूमिकांमध्ये पाहण्यासारखं काय आहे?

‘द टाउन’मध्ये ते फर्गी नावाचे फुलवाले, प्रत्यक्षात गुंडांचे म्होरके. बेन ॲफ्लेकच्या पात्राला त्याच्या आईबद्दल अतिशय क्रूर गोष्ट सांगताना त्यांचे हात गुलाबाच्या देठांवर चालू असतात. हात थांबत नाहीत, वेगही बदलत नाही. धमकीची तीव्रता तिथून येते.

‘इन्सेप्शन’मध्ये वाक्यं मोजकी आणि सगळं एका शब्दावर उभं : ‘निराश’. मुलाला वाटत आलंय की आपण बापासारखे झालो नाही म्हणून तो निराश होता. तिजोरीच्या दृश्यात बाप तो शब्द कसाबसा उच्चारतो आणि अर्थ फिरवतो : तू माझ्यासारखा व्हायला गेलास, म्हणून निराश. शब्द अर्ध्यावर अडकतो, पुन्हा सुरू होतो. मुलाची भूमिका करणाऱ्या किलियन मर्फीचं रडणं त्या अडखळण्यावर उभं आहे. स्वादुपिंडाच्या कर्करोगाने पॉसलथ्वेट यांचा मृत्यू झाला तो हा चित्रपट आल्यानंतर सहाच महिन्यांत.

कुठल्या क्रमाने पाहावं?

आधी ‘ब्रास्ड ऑफ’, मग ‘इन द नेम ऑफ द फादर’, मग ‘द युज्वल सस्पेक्ट्स’. ‘डिस्टंट व्हॉइसेस’ने सुरुवात करू नका. त्यात सरळ कथानक नाही, गाणी आणि आठवणींचे तुकडे आहेत, त्यामुळे नवा प्रेक्षक वीस मिनिटांत उठतो. चौथा म्हणून पाहिलात तर त्यातला बाप आणि जुझेप्पे हा एकच माणूस आहे यावर विश्वास बसत नाही.

हिंदी डबिंग टाळा. त्यांच्या कामाचा निम्मा भाग बोलीत आहे : डॅनीची यॉर्कशरी, जुझेप्पेची बेलफास्टची, फर्गीची आयरिश. यॉर्कशरी बोलीत ‘द’ जवळजवळ गिळला जातो, म्हणून इंग्रजी सबटायटल लावून पाहा. एखादं दृश्य आवडलं तर ते दुसऱ्यांदा आवाज बंद करून पाहावं, म्हणजे खांदे, हात आणि नजर वेगळी दिसते. तिसऱ्यांदा चित्र न पाहता नुसतं ऐकावं आणि श्वास कुठे घेतलाय तेवढं टिपावं. अभिनयाच्या विद्यार्थ्यांनी यासाठी कोठडीतलं कुठलंही पाच मिनिटांचं दृश्य निवडावं. त्यांचं आत्मचरित्र ‘अ स्पेक्टॅकल ऑफ डस्ट’ २०११मध्ये, मृत्यूनंतर प्रसिद्ध झालं. ते चित्रपट पाहून झाल्यावर वाचलेलं बरं.